मावसभावाचे ३० चालतात, माझे ४० अडखळतात. काहून?

पत्र:

नमस्कार दादा, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, यवतमाळला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या हंगामात कापसाचे चुकारे हाती आले तेव्हा बाबांनी मला लॅपटॉप घेऊन दिला. छोटं ग्राफिक्स कार्ड आहे, ८ जीबी रॅम, स्क्रीन ६० हर्ट्झ. अभ्यास झाला की त्यावर गेम खेळते. दिवाळीत नागपूरला मावशीकडे गेले होते. तिथं मावसभावाच्या पीएस ४ या गेमच्या कन्सोलवर, टीव्हीसमोर बसून तोच गेम खेळले. एकदम सुरळीत. तो म्हणाला, हा गेम यावर ३० एफपीएसनेच, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमनेच चालतो. घरी येऊन माझ्या लॅपटॉपवर आकडा लावून पाह्यला तर ४०, कधी ४५ दिसतात. तरी अडखळते, जोरात वळलं की चित्र फाटल्यासारखं होते, अर्ध्या तासात डोकं दुखते. ३० चांगले आणि ४० वाईट, असं काहून? मावसभाऊ म्हणतो लॅपटॉप गेमसाठी नसतोच, बाबांना सांग, कन्सोल घे. तो हेही म्हणतो की डोळ्याला ३० च्या वर दिसतच नाही. यंदा सोयाबीन हातचं गेलं. बाबांना कसं म्हणू?

उत्तर:

बाबांना काही म्हणू नकोस. निदान या कारणासाठी तरी नको. तुझा लॅपटॉप बिघडलेला नाही आणि तुझे डोळेही खोटं बोलत नाहीत. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, देणारा कन्सोल ४० फ्रेम देणाऱ्या लॅपटॉपपेक्षा सुरळीत वाटतो, हा तुझा अनुभव खरा आहे. कारणं चार-पाच आहेत, एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि बहुतेकांवरचा इलाज फुकट आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो कोपऱ्यातला आकडा. तो सरासरीचा असतो. गेल्या सेकंदाभरात किती फ्रेम झाल्या एवढंच तो सांगतो, त्या किती-किती अंतराने आल्या ते नाही. समजा आकडा ४५ आहे. सेकंदात १००० मिलिसेकंद. त्यात ४४ फ्रेम प्रत्येकी १८ मिलिसेकंदांत आल्या, म्हणजे ७९२ झाले, आणि उरलेली एकच फ्रेम २०८ मिलिसेकंद अडकून बसली. बेरीज बरोबर, आकडा ४५ च. पण त्या २०८ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात, तुझी गेममधली गाडी वळणावर थिजलेली असते. पेरणीत असंच होतं बघ: बी मोजून तेवढंच पडलं, पण तासात कुठं दोन बोटांत चार दाणे आणि कुठं हातभर मोकळं, तर एकरी हिशेब जुळूनही शेत पाहवत नाही.

आता स्क्रीन. तुझी स्क्रीन ६० हर्ट्झची आहे, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी ती चित्र नव्याने काढते, मग गेम तयार असो वा नसो. ३० फ्रेम या साठात नेमक्या बसतात: प्रत्येक फ्रेम दोन वेळा दाखवायची, ३३.३, ३३.३, ३३.३, एका लयीत. ४० फ्रेम साठात बसत नाहीत. प्रत्येक फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळायला हवेत, पण २५ चा खण या स्क्रीनकडे नाहीच. मग एक फ्रेम एकदा दिसते, पुढची दोनदा, त्यापुढची एकदा: १६.७, ३३.३, १६.७, ३३.३. गाडी सरळ रस्त्यावर एका वेगाने चालली असली तरी डोळ्याला ती पुढे सरकते, थबकते, सरकते, थबकते अशी दिसते. व्ही-सिंक, म्हणजे फ्रेमला स्क्रीनच्या ठोक्यासाठी थांबवणारी सेटिंग, बंद ठेवलंस तर हे थोडं कमी होतं, पण चित्र अर्धं काढून झालेलं असतानाच नवी फ्रेम घुसते. वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या. तुला 'फाटल्यासारखं' दिसतं ते हेच.

म्हणजे ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ३० पेक्षा ४० जास्त असूनही वाईट दिसू शकतात. ही माझी मर्जी नाही, सरळ भागाकार आहे. २०२१ पासून पीएस ५ वरच्या काही गेमांत ४० फ्रेमचा पर्याय आला, तो याच कारणाने १२० हर्ट्झच्या टीव्हीसाठी आहे. १२० ला ४० ने भाग जातो, प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दाखवता येते.

मग कन्सोलमध्ये काय विशेष? ताकद तर नाहीच. पीएस ४ हा २०१३ चा. त्यातल्या प्रोसेसरला आठ कोअर होते, पण वेग १.६ गिगाहर्ट्झ, तो तेव्हाही जोरदार मानला जात नव्हता. पण लाखो घरांत तीच एक पेटी, तोच प्रोसेसर, तेवढीच मेमरी. गेम करणाऱ्यांना नक्की माहीत असतं की यावर ६० झेपणार नाहीत, म्हणून ते मुद्दाम ३० ला कुलूप लावतात. ३८ देता येत असतील तिथंही ३०, जेणेकरून धूर-धमाक्याच्या प्रसंगातही ३० च राहतील. पीसीवर ही मेहनत कुणी तुझ्या वतीने केलेली नसते. तुझ्यासारखाच लॅपटॉप, तेवढीच रॅम, तसाच पंखा असलेला माणूस गेम करणाऱ्यांच्या कचेरीत बसलेला नाही. म्हणून गेम तुझ्याकडे 'जमेल तेवढ्या' फ्रेम ओततो: मोकळ्या रस्त्यावर ५२, गावात शिरलं की ३४.

आणखी एक फरक. प्रकाश, पाणी, धूर कसा रंगवायचा याचे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना शेडर म्हणतात. कन्सोलची चिप ठरलेली, म्हणून ते आधीच तयार करून गेमसोबत दिलेले असतात. पीसीवर ते तुझ्या कार्डासाठी तुझ्याच मशीनवर तयार व्हावे लागतात, आणि पुष्कळ गेम ते ऐन खेळताना करतात. पहिल्यांदा स्फोट झाला, पहिल्यांदा पाऊस आला, की झटका. त्याच जागी दुसऱ्यांदा गेलीस की झटका बसत नाही. हे तू स्वतः ताडून बघू शकतेस. ड्रायव्हर अपडेट केल्यावर पुन्हा सुरुवातीपासून तयारी होते, हेही लक्षात ठेव.

कन्सोल म्हटला की आपोआप सुरळीत, असं मात्र नाही. २०१५ चा ब्लडबोर्न पीएस ४ वर ३० फ्रेमनेच चालतो, पण त्या ३० फ्रेम सारख्या अंतराने येत नाहीत. कधी १६ मिलिसेकंद, कधी ३३, कधी ५०. सरासरी ३० असूनही तो अडखळतो अशी तक्रार खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं केली. मावसभावाला हे उदाहरण जरूर सांग. नावाने कन्सोल आहे म्हणून काही होत नाही. फ्रेम लयीत आल्या तर बरं वाटतं, नाहीतर नाही.

आता हाताकडे येऊ. मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं कारण हेच वाटतं, आणि याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

माऊस हा हाताला थेट बांधलेला असतो. हात इंचभर सरकला की चित्रही तेवढंच, त्याच क्षणी सरकलं पाहिजे, असं मेंदू धरून चालतो. साधा माऊससुद्धा सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो, आणि स्क्रीन त्याला ४० वेळा, तेही वेड्यावाकड्या अंतराने उत्तर देते. हात पुढे गेलेला, चित्र मागे राहिलेलं. ती तफावत तुला डोळ्यांपेक्षा मनगटात आधी कळते. कन्सोलच्या कंट्रोलरवर अंगठ्याने ढकलायची काडी असते, तिचं तसं नाही. ती जागा सांगत नाही, वेग सांगते: 'उजवीकडे वळत राहा, जरा जोरात.' वळणं सुरू व्हायला आणि थांबायला गेम स्वतःच थोडा वेळ घेतो, धक्का गिळून टाकतो. ३० फ्रेमच्या कन्सोल गेममध्ये बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत १०० मिलिसेकंदांच्या आसपास जाणं नवलाचं नाही. अंगठ्याला ते खपतं. माऊस धरलेल्या हाताला नाही खपत.

यात अंतर मिळव. तुझा लॅपटॉप १५.६ इंची असेल तर स्क्रीनची रुंदी साधारण ३४ सेंटिमीटर, आणि तू त्यापासून हातभर, म्हणजे ५० सेंटिमीटरवर बसतेस. माऊसने झटक्यात काटकोनात वळलीस, अर्ध्या सेकंदात. ३० फ्रेमच्या हिशेबाने त्यात १५ फ्रेम आल्या आणि साधारण एक अख्खी स्क्रीन बाजूला सरकली. म्हणजे समोरचं झाड दर फ्रेमला दोन सेंटिमीटरहून जास्त उडी मारतं, नाकासमोर. मावशीकडे ३२ इंची टीव्ही आहे आणि तुम्ही आठ फुटांवर बसलात असं धरू. काडीने तेच वळण घ्यायला दीड सेकंद लागतो, त्यात ४५ फ्रेम येतात. ७१ सेंटिमीटर रुंद पडद्यावर झाडाची उडी दीड सेंटिमीटरच्या आसपास, तीही जवळपास पाचपट लांबून. डोळ्याच्या कोनात मोजलं तर तुझ्या लॅपटॉपवरची उडी टीव्हीवरच्या उडीच्या सातपट निघते. गेम तोच, फ्रेम तेवढ्याच, तरी डोकं तुझं दुखतं, मावसभावाचं नाही.

राहिली गोष्ट डोळ्याला ३० च्या वर न दिसण्याची. ते चूक आहे. सिनेमा २४ फ्रेमचा असतो आणि छान दिसतो, त्यावरून हा समज पसरला असावा. पण सिनेमाच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेमवर साधारण १/४८ सेकंद उजेड पडत असतो, त्या वेळात जे हललं ते पुसट होऊन फ्रेममध्ये उतरतं, आणि ती पुसट कड दोन चित्रांमधली फट भरून काढते. शिवाय सिनेमात आपण काहीच फिरवत नसतो, नुसते बघतो. गेमची प्रत्येक फ्रेम धारदार, गोठवलेली असते. म्हणून कन्सोलचे गेम मोशन ब्लर, म्हणजे तशीच पुसट कड, मुद्दाम घालतात. पीसीवाले सल्ला देतात, 'पहिले मोशन ब्लर बंद कर.' १०० फ्रेम मिळणाऱ्यासाठी तो सल्ला ठीक आहे. तुझ्यासाठी नाही. आणि भावाला पटत नसेल तर फोन हातात दे. हल्ली बऱ्याच साध्या फोनांतही ९० किंवा १२० हर्ट्झ असतात. सेटिंगमध्ये ६० कर, यादी वरखाली सरकवून बघ, मग १२० कर. फरक त्यालाही दिसेल.

इथवर जे सांगितलं ते नागपूर-पुण्याच्या मुलांनाही लागू आहे. पण तू खेड्यात राहतेस, तेव्हा आपल्याकडच्या तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात.

ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लॅपटॉपची चिप १०० अंशांच्या जवळ गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, जरा थंड झाली की वाढवते, पुन्हा तापते. आकडा ५० वरून ३२ वर, परत ४८ वर, असा दर मिनिटाला झोके घेत असेल तर समज की हे गरमीचं काम आहे. गादीवर ठेवून खेळू नकोस, खालची जाळी बुजते. पाटावर ठेव, मागची बाजू दोन बोटं उचलून. कूलरची हवा दुरून येऊ दे, पण समोर चिकटून नको, त्या हवेत पाण्याचे शिंतोडे असतात.

कापूस. भाव वाढेल म्हणून घरातल्या खोलीत कापूस भरून ठेवलेला असेल, आणि तू त्याच घरात लॅपटॉप चालवत असशील, तर एकदा मशीन बंद करून उलटं कर आणि खालच्या जाळीवर टॉर्च मार. आत पंख्याच्या तोंडाशी पांढरट थर दिसला तर ती रुईच्या तंतूंची आणि धुळीची गादी आहे. हवा तिथंच अडते. मऊ ब्रशने जाळी साफ कर; थर आत खोल असेल तर दारव्ह्यात किंवा यवतमाळला दुरुस्तीवाल्याकडून उघडून साफ करून घे. कॉम्प्रेसरची हवा स्वतः मारू नकोस, पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो. कापसाचा हंगाम संपला की हे दर वर्षी करायचं काम आहे.

आणि लाइन. गावठाण फिडरवर लाइन गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, की ग्राफिक्स कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही आणि फ्रेम धपकन पडतात. काही लॅपटॉप बॅटरीवर असताना स्वतःहूनच ३० ची मर्यादा लावतात. तेव्हा लाइन नसताना लॅपटॉपची परीक्षा घेऊ नकोस.

आता करायचं काय ते सांगतो. फ्रेम ३० वर बांधून टाक. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा असेल तर तिथून, नाहीतर रिवाट्यूनर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यातून. फ्रेम सारख्या अंतराने सोडण्यात ते बहुतेक गेमांच्या स्वतःच्या मर्यादेपेक्षा चांगलं आहे. व्ही-सिंक चालू ठेव. मोशन ब्लर चालू कर, मध्यम. त्याच रिवाट्यूनरमध्ये फ्रेमटाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याची, रेघ दाखवायची सोय आहे, ती लाव आणि एफपीएसचा आकडा बघणं सोडून दे. रेघ ३३.३ वर सपाट चालली पाहिजे. तुझा लॅपटॉप ४० देऊ शकतो, म्हणजे ३० ला त्याच्याकडे थोडी उसंत उरते; चिप कमी तापते, आणि कमी तापली की उन्हाळ्यातले झोकेही कमी होतात. सावलीचा दर्जा एक पायरी उतरव, उसंत आणखी वाढेल. सावल्या फार खातात आणि त्यांच्याकडे कुणी निरखून पाहत नाही.

मग एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला लाव, टीव्हीवर गेम मोड निवड, आणि वायरचा साधा यूएसबी कंट्रोलर कुणाकडून चार दिवस मागून आण. आठ फूट मागे सरकून बस. एक गोष्ट तपास: आपल्या देशातलं टीव्ही प्रसारण ५० च्या हिशेबाचं, त्यामुळे कधी-कधी विंडोज टीव्हीला ५० हर्ट्झ लावून मोकळं होतं. ५० मध्ये ३० बसत नाहीत, परत तोच अडखळा. डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ६० कर. एवढं केलंस की तुझ्या हातात तेच असेल जे मावशीकडे होतं. तेव्हाच ठरव कन्सोलची गरज आहे का. मला तरी वाटत नाही.

हे सगळं गोष्टीचे, गाड्यांचे, फिरण्याचे गेम असतील त्यांच्यासाठी. मैत्रिणींसोबत ऑनलाइन नेमबाजी खेळत असशील तर ३० वर बांधू नकोस. तिथं उशीर मारक ठरतो. चित्राचा दर्जा अगदी खाली आण, रिझोल्यूशन कमी कर आणि ६० गाठायचा प्रयत्न कर. दिसायला साधं दिसेल, पण माऊस हाताचं ऐकेल. आणि डोकं दुखायला लागलं की त्या दिवशी खेळ थांबव. मळमळ दाबून खेळत राहिलं की बरं वाटायला आणखी वेळ लागतो.

हे करूनही ३३.३ च्या रेघेवर मधूनमधून सुळके उठत राहिले, तर एकाच ठिकाणी पैसा घालण्यात अर्थ आहे. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर आणि 'स्लॉट्स यूज्ड' च्या पुढे बघ. '१ ऑफ २' असेल तर तुझ्याकडे रॅमची एकच कांडी आहे आणि मशीन अर्ध्याच रुंदीच्या वाटेने मेमरी वापरतंय. तशीच दुसरी ८ जीबीची कांडी टाकली की सुळके बरेच बसतात, आणि तुझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टलाही ती उपयोगी पडते. रॅमचा प्रकार डीडीआर ४ आहे की डीडीआर ५, आणि वेग किती, ते दुकानात जाण्याआधी कागदावर लिहून ने. चुकीच्या प्रकारची कांडी खाचेत बसत नाही.